कडू राखण

बेल्जियमच्या आर्देन या डोंगराळ मुलखात आशूफ नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या ब्रुअरीने २००६ मध्ये ‘हूब्लाँ शूफ’ ही बिअर काढली. मद्यार्क नऊ टक्के, म्हणजे आपल्याकडच्या साध्या लागर बिअरच्या जवळजवळ दुप्पट. ग्लासात ओतली की दाट पांढरा फेस येतो आणि तो लवकर बसत नाही. वास आधी संत्र्याच्या सालीचा, मग कापलेल्या गवताचा, त्याच्या मागून पिकल्या केळ्याचा. पहिल्या घोटात थोडा गोडवा जाणवतो आणि तो मावळायच्या आत कडवटपणा चढू लागतो. गिळल्यानंतर छातीत ऊब उतरते, ती मद्यार्काची. तोंडात मात्र बराच वेळ कडूच उरते.

आता रायगडच्या किनाऱ्यावर या. अलिबागपासून नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंत माडांच्या वाड्या आहेत. पहाटे माडावरून उतरवलेली माडी दुधट असते, बारीक बुडबुडे सोडते, गोड लागते आणि तिला आंबवलेल्या पिठासारखा हलका वास असतो. दुपारपर्यंत गोडवा ओसरून आंबटपणा पुढे येतो. रात्र उलटली की ती व्हिनेगरच्या वाटेला लागते. साखरेचे मद्य करणारे जीव दोन्ही पेयांत आहेत. तरीही आशूफची बाटली महिनोन्‌महिने टिकते आणि माडी एक दिवस टिकत नाही. हा फरक कुठून येतो, हे समजले की दोघींची चव समजते.

माडाची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधीच दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठोकतात आणि तिच्या टोकाचा पातळ काप रोज काढत राहतात. फुले आणि नारळ पोसण्यासाठी निघालेला अन्नरस त्या जखमेतून मडक्यात झिरपतो. यात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते, तीही बहुतेक सगळी उसाच्या साखरेसारखी सुक्रोज. ताज्या रसाचा सामू सातच्या आसपास, म्हणजे आंबटही नाही आणि खारही नाही. कोकणची उष्ण, दमट हवा, गोड रस आणि उघडे तोंड असलेले मडके. सूक्ष्मजीवांना आणखी काय हवे? ते हवेतून येतात, मधमाश्यांच्या आणि माश्यांच्या पायांवरून येतात, पण सर्वांत जास्त येतात ते आदल्या दिवसाच्या मडक्यातून. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढून सामू खाली ओढतात. त्यांच्या बरोबरीने यीस्ट आणि झायमोमोनास नावाचा जिवाणू साखरेचे मद्य करू लागतात.

झायमोमोनासवर थोडे थांबायला हवे, कारण माडीचा वेग बराचसा त्याच्या हाती आहे. मेक्सिकोत अगेव्ह या घायपाताच्या जातीच्या वनस्पतीच्या रसापासून पुल्के नावाचे पेय करतात. १९२० च्या दशकात पॉल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाने हा जिवाणू त्यातून वेगळा काढला. ग्लुकोजच्या एका रेणूमागे यीस्टला जेवढी ऊर्जा मिळते, त्याच्या निम्मीच याला मिळते. म्हणून जगण्यासाठी त्याला साखर भराभर संपवावी लागते आणि मद्यही तितक्याच भराभर तयार होते. एका दिवसात माडीत चार-पाच टक्के मद्यार्क होऊ शकतो. त्यानंतर ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू हवेतला प्राणवायू वापरून त्याच मद्याचे व्हिनेगर करू लागतात. नीरा, म्हणजे न आंबलेला रस, गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे रस अल्कधर्मी बाजूला राहतो आणि ही सगळी साखळी सुरुवातीलाच अडते.

बेल्जियन बिअरमध्ये हे काम हॉप करतो. हॉप हा वेल भांगेच्या कुळातला आहे. आपल्याकडे हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड झालेली आहे. मादी फुलांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यात अल्फा आम्ले असतात. सातूच्या अर्कात हॉप तासभर उकळला की या आम्लांच्या रेणूंची रचना बदलून आयसो-अल्फा आम्ले होतात. बिअरचा कडवटपणा मुख्यतः त्यांचा आणि ग्लासात फेस टिकवण्यातही त्यांचा मोठा हात. हीच आम्ले लॅक्टिक जिवाणूंच्या पेशीपटलातून हायड्रोजन आयन आत नेतात. पेशीच्या आतली आणि बाहेरची आम्लता वेगळी ठेवण्यावर जिवाणूचे जगणे अवलंबून असते. तो फरकच मोडला की त्याला अन्न आत घेता येत नाही आणि त्याची वाढ खुंटते. यीस्टला या आम्लांचा फारसा त्रास होत नाही. म्हणजे कडवटपणा ही बिअरची राखण आहे; चव म्हणून ती आपल्याला नंतर आवडू लागली.

या राखणीचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आला. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे ब्रुअर भारतासाठी भरपूर हॉप घातलेली फिकी एल, म्हणजेच इंडिया पेल एल, बनवू लागले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी ही पिंपे मुंबई बंदरात उतरत, तीही खांदेरी-उंदेरी बेटांच्या समोरून. त्याच वेळी अलिबागच्या वाड्यांत पहाटेची माडी दुपारपर्यंत संपवली जात होती. हूब्लाँ शूफ हे त्या इंडिया पेल एलच्या आणि बेल्जियन ट्रिपल या कडक बिअरच्या शैलींचे मिश्रण आहे.

मग माडीत हॉप घातला तर ती टिकेल का? माझे उत्तर नाही असे आहे. एक तर हॉपचा कडवटपणा उतरायला उकळी लागते, आणि माडाचा रस उकळत ठेवला की त्याचा गूळ होतो. दुसरे म्हणजे हॉपची आम्ले ज्या जिवाणूंना रोखतात, त्यांत झायमोमोनास बसत नाही. तो ग्रॅम-ऋण गटातला आहे, त्याच्या पेशीभोवती आणखी एक आवरण असते आणि हॉपची आम्ले तिथेच अडतात. ॲसिटिक जिवाणूही त्याच गटातले. बिअर त्यांच्यापासून वाचते ती मुख्यतः बूच घट्ट असल्यामुळे, कारण हवेशिवाय त्यांचे काही चालत नाही. माडीला हवा आणि वेळ यांच्याशीच जमवून घ्यावे लागते.

चव घेण्याबद्दल एक गैरसमज अजून शाळेच्या पुस्तकांतून आलेला आढळतो. कडू फक्त जिभेच्या मागच्या भागाला कळते, असे तो सांगतो. ते खरे नाही. जिभेच्या सगळ्या भागांना कडू कळते. माणसात कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत, तर गोडासाठी प्रामुख्याने एकच जोडी. वनस्पतींतली बरीच विषे कडू असतात, म्हणून ही सावधगिरी. संत्र्याच्या सालीचा आणि गवताचा वास मात्र जिभेला कळत नाही. हॉपच्या तेलात मायर्सीन आणि लिनालूल असतात; पहिले आंब्यात आणि गवती चहात आढळते, दुसरे धण्यात. घोट गिळताना त्यांची वाफ घशामागून नाकात चढते. नाक धरून प्यायलात तर हूब्लाँ शूफची ओळख निम्म्याने पुसली जाते. माडीचेही तेच होते.

२००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही ब्रुअरी सुरू झाली. तेव्हापासून ताज्या बिअरची बारकाईने चव घेणारे मराठी लोक वाढले आहेत. एलमधले केळे आणि लवंग ते ओळखतात. माडीला मात्र ‘आंबट’ या एका शब्दात निकालात काढतात. हा अन्याय आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि इथे नारळापासून मद्य करतात, हे त्याने नोंदवले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या धंद्यावर सरकारी परवान्याचा फास आवळला, तेव्हा माडावर चढणाऱ्या भंडारी कुटुंबांचे हाल झाले. आज चढणारे हात कमी उरले आहेत आणि त्यांची जागा भेसळ घेते आहे. ताडी-माडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आली आहेत. हे गुंगीचे औषध आहे. मद्याबरोबर ते श्वास मंदावून जीव घेऊ शकते.

म्हणून किनाऱ्यावर जाल तेव्हा राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या दुकानातूनच माडी घ्या आणि ती कधी उतरवली ते विचारा. पहाटेची म्हणून सांगितलेली माडी, उन्हात ठेवलेली असूनही, दुपारी गोडच लागत असेल तर तो रस एकट्या माडाचा नाही. आंबट लागली म्हणून ती शुद्धच असेल, असेही समजू नका. पण उन्हात दिवसभर गोड राहणारी माडी निसर्गात होत नाही. ती पिऊ नका.