आनुवंशिक दृष्टिपटलरोग आणि अपत्यांना असणारा धोका : रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

आनुवंशिक रोग म्हटला की तो पुढच्या पिढीत उतरणारच, अशी समजूत समाजात सर्वत्र आढळते. याउलट, घराण्यात पूर्वी कोणालाही नसलेला रोग आनुवंशिक असूच शकत नाही, ही समजूतही तितकीच रूढ आहे. या दोन्ही समजुती चुकीच्या असूनही त्यांच्या आधारे विवाह जुळतात, मोडतात आणि अपत्याविषयीचे निर्णय घेतले जातात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा रोग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्याचे नाव एकच असले तरी तो प्रामुख्याने तीन निरनिराळ्या मार्गांनी पुढील पिढीत जातो आणि प्रत्येक मार्गात अपत्याला असणारा धोका वेगळा असतो. हे मार्ग आणि त्यांतून निघणारे धोक्याचे गणित स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोगाचे स्वरूप :

दृष्टिपटलात प्रकाशाचे ग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशींमुळे अंधुक प्रकाशात दिसते, तर शंकुपेशींमुळे रंग व बारीक तपशील कळतात. या रोगात सामान्यतः प्रथम दंडपेशी व त्यानंतर शंकुपेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे सुरुवातीस रातांधळेपणा येतो. पुढे दृष्टिक्षेत्र कडेकडून आक्रसत जाते आणि रुग्णाला नळीतून पाहिल्यासारखे समोरचेच तेवढे दिसते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा योग्य उपचारांनी बरा होऊ शकतो, हा तसा होत नाही. म्हणून दोहोंतील भेद वेळीच ओळखणे आवश्यक ठरते.

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक यंत्र तयार केल्यानंतर जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे निरीक्षण शक्य झाले. त्यानंतर डच नेत्रतज्ज्ञ डोंडर्स यांनी या रोगास आजचे नाव दिले. नावातून दाह सूचित होत असला तरी हा दाहजन्य रोग नाही. जगात साधारणतः ४००० लोकांमागे एकास तो होतो असे मानले जाते. नागपूरनजीकच्या ग्रामीण भागातील प्रौढांच्या पाहणीत मात्र, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे प्रमाण सुमारे ७५० मागे एक असे आढळले. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

संक्रमणाचे तीन मार्ग :

१) प्रभावी संक्रमण : प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात; एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. त्यांतील एकच प्रत सदोष असूनही रोग होत असेल, तर संक्रमण प्रभावी असते. १९९० मध्ये ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाच्या जनुकात असा दोष सापडला आणि या रोगाच्या जनुकीय अभ्यासाला निश्चित दिशा मिळाली. या प्रकारात बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ५० टक्के धोका असतो. काही घराण्यांत सदोष जनुक असूनही एखादी व्यक्ती निरोगी राहते. त्यामुळे रोगाने एक पिढी वगळल्याचा भास होतो.

२) अप्रभावी संक्रमण : येथे दोन्ही प्रती सदोष असल्या तरच रोग होतो. एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती वाहक असते व तिची दृष्टी उत्तम असते. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि सदोष प्रत न मिळण्याची २५ टक्के असते. बाधित व्यक्तीचा जोडीदार वाहक नसेल, तर सर्व अपत्ये वाहक होतात. मात्र त्यांपैकी कोणालाही हा रोग होत नाही.

३) एक्स गुणसूत्राशी निगडित संक्रमण : स्त्रीमध्ये दोन, तर पुरुषामध्ये एकच एक्स गुणसूत्र असते. म्हणून या प्रकारात पुरुषांना रोग तीव्रतेने होतो. वाहक स्त्रीमध्ये लक्षणे नसतात किंवा बहुधा सौम्य असतात. बाधित पित्याकडून मुलाला वाय गुणसूत्र मिळत असल्याने त्याच्या मुलांना हा दोष मिळत नाही. मात्र सर्व मुली वाहक होतात. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला रोगाचा व प्रत्येक मुलीला वाहक होण्याचा धोका ५० टक्के असतो. आजोबांचा रोग मुलीच्या मुलात दिसतो, तो यामुळेच.

यावरून असे दिसते की, बाधित पुरुषाच्या मुलाला असणारा धोका एका प्रकारात ५० टक्के, तर दुसऱ्यात शून्य असतो. प्रकार न ठरवता दिलेला सल्ला, मग तो विवाह करू नका असा असो वा काही होत नाही असा, निराधारच असतो.

नात्यातील विवाह आणि धोक्याचे गणित :

महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे. दक्षिण भारतातील काही समाजांत मामा-भाची विवाहही होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने निषिद्ध नातेसंबंधांतील विवाहांना मनाई केली असली तरी रूढीने मान्य असलेल्या विवाहांना त्यातून सूट दिली आहे. अप्रभावी रोगाच्या संदर्भात या रीतीचा परिणाम गणिताने दाखवता येतो.

समजा, अप्रभावी प्रकाराने बाधित असलेल्या तरुणाने मामाच्या मुलीशी विवाह केला. त्याची आई निश्चितच वाहक आहे. मामा वाहक असण्याची शक्यता १/२ आणि मामाची मुलगी वाहक असण्याची १/४. ती वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला ५० टक्के धोका. म्हणजे एकूण धोका १/८, अर्थात १२.५ टक्के. त्याने निरोगी बहिणीच्या मुलीशी विवाह केल्यास बहीण वाहक असण्याची शक्यता २/३, भाची वाहक असण्याची १/३ आणि अपत्याला असणारा धोका १/६ होतो. त्याच जनुकाचे वाहक समाजात १०० मागे एक आहेत असे गृहीत धरले, तर नात्याबाहेरील विवाहात हाच धोका १/२०० इतका खाली येतो. याचा अर्थ नात्यातील प्रत्येक विवाह घातक असतो असा नव्हे. घराण्यात अप्रभावी रोग असल्यास मात्र त्याचा विचार टाळता येत नाही.

काही गैरसमज :

पहिले अपत्य बाधित झाले म्हणजे पुढील तीन निरोगी होतील, असा २५ टक्क्यांचा अर्थ लावला जातो. वास्तविक प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. दुसरे असे की, घराण्यातील एकमेव रुग्ण हा बहुधा अप्रभावी संक्रमणाचा परिणाम असू शकतो. लहान कुटुंबांत तर असे वारंवार घडते. तिसरा गैरसमज अधिक क्लेशकारक आहे. अपत्याच्या रोगाचा दोष आईला दिला जातो. अप्रभावी प्रकारात आई व वडील यांचा वाटा समसमान असतो आणि एक्स-निगडित प्रकारातही स्त्रीला ते जनुक बहुधा तिच्या माता वा पित्याकडूनच आलेले असते. त्यावर कोणाचाही ताबा नसल्याने त्यात अपराध नाही.

निदान, समुपदेशन व कायदा :

संक्रमणाचा प्रकार ठरविण्यासाठी किमान तीन पिढ्यांची वंशावळ, नेत्रतपासणी, दृष्टिपटलाचा विद्युत्-आलेख आणि जनुकीय चाचणी यांचा उपयोग होतो. या रोगाशी संबंधित ८० हून अधिक जनुके ज्ञात आहेत. तथापि प्रत्येक रुग्णात दोष सापडतोच असे नाही. चाचणीचा उपयोग उपचारासाठीही होऊ शकतो. आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकीय उपचारास मान्यता मिळाली. अन्य जनुकांच्या रुग्णांना मात्र तो लागू पडत नाही.

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा केंद्रीय कायदा लिंगसंबद्ध आनुवंशिक रोगांच्या प्रसवपूर्व निदानास अटींसह मुभा देतो; त्या निमित्ताने गर्भाचे लिंग मात्र सांगता येत नाही. २०२१ च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार ज्ञात आनुवंशिक रोगासाठी रोपणपूर्व भ्रूणतपासणी करता येते. यांपैकी कोणता मार्ग स्वीकारावा, की कोणताच स्वीकारू नये, हा निर्णय दांपत्याचा आहे. समुपदेशकाने माहिती द्यावी, आदेश देऊ नये, हे समुपदेशनाचे मूलतत्त्व होय. दृष्टी गमावलेल्या व्यक्तीचे जीवन कमी मोलाचे असते, असा अर्थही या चाचण्यांतून काढता येणार नाही.

समारोप :

अनेक रुग्णांत या रोगाची लक्षणे किशोरावस्थेत वा तारुण्यात, म्हणजे महाविद्यालयीन वयात जाणवू लागतात. मंद प्रकाशाच्या सभागृहात अडखळणारा, सायंकाळचे तास टाळणारा विद्यार्थी निष्काळजी ठरविला जाण्यापूर्वी त्यास नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे हे प्राध्यापकांच्या हाती आहे. त्याच वयात पुढे विवाहाचा प्रश्न उभा राहतो. हा रोग लपवून ठेवल्याने धोका घटत नाही आणि विवाह नाकारल्याने त्याचे आकलन होत नाही. रोग आनुवंशिक आहे काय, एवढेच विचारून न थांबता तो कोणत्या मार्गाने संक्रमित होतो, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याच्या उत्तरावरच अपत्याच्या धोक्याविषयी काही निश्चित बोलणे शक्य होते.