कूलर बदलला, तरी प्रोसेसर तापतोच : एका बिघाडातून शिकूया संशोधनाची पद्धत

सिम्युलेशन करणाऱ्या जवळपास प्रत्येक लॅबमध्ये हा प्रकार कधी ना कधी घडतो. मशीन खूप तापतं म्हणून कोणीतरी कूलर बदलतं. जुना छोटा कूलर काढून मोठा, महागडा कूलर लावला जातो. मशीन सुरू होतं, जॉब लावला जातो आणि दोन मिनिटांत प्रोसेसर १०० अंशांवर! मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं पेस्ट बदल, कोणी म्हणतं कूलरच डुप्लिकेट आहे, कोणी म्हणतं कॅबिनेटचं झाकण उघडं ठेव आणि टेबल फॅन लाव.

तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर हा बिघाड नीट समजून घ्या, कारण यात संशोधनाच्या पद्धतीचे जवळपास सगळे धडे आहेत. शिवाय प्रश्न फक्त मशीनच्या आयुष्याचा नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तुमच्या प्रबंधात "माझा अल्गोरिदम जुन्यापेक्षा इतका वेगवान आहे" असा तक्ता असेल आणि त्यातले अर्धे आकडे थ्रॉटलिंग चालू असताना घेतलेले असतील, तर तो तक्ता अल्गोरिदमबद्दल काहीच सांगत नाही. तो तुमच्या कूलरबद्दल सांगतो.

एक ठरावीक उदाहरण घेऊन पुढे जाऊया. मशीनमध्ये इंटेल कोअर आय७-१२७०० आहे. सोबत आलेला कूलर काढून, जुन्या एलजीए१२०० सॉकेटच्या मशीनमधला टॉवर कूलर तिथे बसवला आहे.

आधी प्रश्न नीट विचारा

"प्रोसेसर तापतोय" हा संशोधनाचा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. तापतोय म्हणजे किती? कोणत्या कामाला? खोलीचं तापमान किती असताना? आणि त्या वेळी प्रोसेसर किती वॉट खात होता?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. आय७-१२७०० च्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण टर्बोमध्ये त्याची अधिकृत मर्यादा १८० वॉट आहे. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये कूलरचा प्रकार निवडायची सोय असते. तिथे मोठा कूलर निवडला की बोर्ड पॉवर लिमिट वाढवून टाकतो.

आता गंमत बघा. आधुनिक प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच ठरवतो. वाव मिळाला तर वेग वाढवतो, कमाल तापमानाला पोचला की कमी करतो. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. समजा जुन्या कूलरवर तो १०० अंशांना ९५ वॉटवर अडत होता आणि नव्या कूलरवर १०० अंशांनाच १६० वॉटवर अडतोय. तापमान तेच दिसतंय, पण नवा कूलर कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकतोय! एएमडीच्या रायझन ७००० मालिकेबद्दलही हाच गोंधळ होतो. त्यातले बरेच प्रोसेसर भरपूर काम मिळालं की ९५ अंशांपर्यंत जाणार, अशीच त्यांची रचना आहे.

म्हणजे नियंत्रण यंत्रणेने जी राशी धरून ठेवली आहे, ती मोजून तुम्हाला काही कळत नाही. बदल दुसरीकडे दिसतो, इथे तो वॉट आणि गिगाहर्ट्झमध्ये दिसेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, जीवशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळीकडे कामाला येईल.

एक आकडा : औष्णिक रोध

दोन कूलरची तुलना करायला एक साधा आकडा पुरतो :

औष्णिक रोध = (प्रोसेसरचं तापमान − खोलीचं तापमान) ÷ वॉट

हा ओहमच्या नियमाचाच भाऊ आहे. व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक आणि करंटच्या जागी उष्णतेचा प्रवाह.

मोजायचं कसं? बायोसमध्ये पीएल-१ आणि पीएल-२ या दोन्ही पॉवर लिमिट ६५ वॉटवर ठेवा. स्ट्रेस-एनजी किंवा प्राइम९५ सारखा प्रोग्राम वीस मिनिटं चालवा, तापमान स्थिर होऊ द्या. लिनक्सवर टर्बोस्टॅट आणि विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो तापमान, वॉट आणि वेग एकत्र दाखवतात. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढे, हवा आत जाते तिथे ठेवा.

समजा खोली ३० अंश आणि जुन्या कूलरवर प्रोसेसर ६९ अंश. मग रोध झाला ३९ ÷ ६५ = ०.६. नव्या कूलरवर ८२ अंश आले तर ५२ ÷ ६५ = ०.८. मोठा कूलर लावून रोध वाढला! आता खात्री पटली की बिघाड खरा आहे. उलट हाच आकडा ०.३५ आला असता, तर कूलर उत्तम आहे आणि दोष पॉवर लिमिटच्या सेटिंगचा आहे, हे पेचकस हातात न घेता कळलं असतं.

खोलीचं तापमान वजा करायला विसरू नका. ०.३५ रोधाचा कूलर १८० वॉटवर खोलीपेक्षा ६३ अंश वर जाईल. एसी चालू असताना खोली २५ अंश, म्हणजे प्रोसेसर ८८. रात्री एसी बंद झाला, मे महिना आहे, नागपूरची खोली ४० अंशांवर गेली की हिशोब १०३ वर पोचतो, म्हणजे थ्रॉटलिंग. "दिवसा लावलेला जॉब लवकर संपतो, रात्रीचा रेंगाळतो" यामागे इतकं साधं कारण असू शकतं.

उघडण्याआधी घड्याळ लावा

उष्णता प्रोसेसरमधून निघून थर्मल पेस्ट, कूलरचा तळ, हीट पाइप, पात्या आणि शेवटी हवा अशी साखळीने जाते. साखळी कुठे तुटली हे तापमान *किती* वाढलं यापेक्षा *किती वेगाने* वाढलं यावरून जास्त चांगलं कळतं.

साधा हिशोब करा. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता किलोला साधारण ९०० ज्यूल आहे. ७०० ग्रॅमचा हीटसिंक एक अंश तापवायला सुमारे ६३० ज्यूल लागतात. १५० वॉट, म्हणजे सेकंदाला १५० ज्यूल, त्यात ओतले आणि हवा अजिबात फिरली नाही, तरी तो सेकंदाला पाव अंशापेक्षा कमी तापेल. मिनिटाला साधारण १४ अंश. सिलिकॉनची चिप मात्र इवलीशी असते, ती क्षणात तापते. यावरून तीन चित्रं तयार होतात :

१. लोड देताच एक-दोन सेकंदांत तापमान ३५ वरून ९५ वर, आणि लोड काढताच तितक्याच झटक्यात खाली. उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाही. दोष संपर्काचा : पेस्ट, प्लास्टिकची फिल्म, दाब.

२. काही मिनिटांत हळूहळू चढत जातं, लोड काढल्यावरही सावकाश उतरतं. उष्णता कूलरमध्ये पोचते, पण हवेत जात नाही. दोष पंख्याचा, त्याच्या दिशेचा किंवा कॅबिनेटमधल्या कोंडलेल्या हवेचा.

३. वॉटर कूलर आहे, पंपाजवळची एक नळी गरम आणि रेडिएटर थंडगार. पाणी फिरत नाही. पंपाची वायर योग्य जागी आहे का, बायोसमध्ये त्याचे फेरे दिसतात का, ते बघा.

शंका असेल तर मशीन बंद करून हीटसिंकच्या तळाजवळ जपून बोट लावा. आकडा ९८ आणि हीटसिंक गार, तर पहिलं चित्र. आमच्या उदाहरणात पहिलंच चित्र दिसतंय असं धरूया.

संशयित कोण? आधी कागदावर ठरवा

संपर्काचा दोष म्हटलं की सगळे पेस्टवर घसरतात. मग महागडी पेस्ट मागवायची का? मागवण्याआधी पाच मिनिटं हिशोब करा. थराचा रोध म्हणजे जाडी भागिले (वाहकता गुणिले क्षेत्रफळ). क्षेत्रफळ ९ चौरस सेंटिमीटर धरू, जाडी ०.०५ मिलिमीटर आणि उष्णता १०० वॉट.

– साधी पेस्ट (वाहकता सुमारे ५) : तापमानात फरक साधारण १ अंश.
– प्लास्टिकची फिल्म (वाहकता सुमारे ०.२) : साधारण २८ अंश.
– हवा (वाहकता ०.०२६) : २०० अंशांच्या वर.

प्रत्यक्षात उष्णता सगळ्या पृष्ठभागावर सारखी पसरत नाही, त्यामुळे खरे आकडे वेगळे येतील. पण एकमेकांशी प्रमाण काय आहे ते बघा. साध्या पेस्टऐवजी दुप्पट चांगली पेस्ट लावली तर या हिशोबात अर्धा अंश वाचतो. तळाला चिकटवलेली फिल्म काढायची राहिली असेल, किंवा केसाएवढी हवेची फट राहिली असेल, तर डोंगराएवढा फरक पडतो. म्हणून पेस्टच्या ब्रँडवर वाद घालण्याआधी फिल्म आणि फट शोधा. प्रयोगापूर्वीचा असा ढोबळ अंदाज तुमचे पैसे आणि आठवडे दोन्ही वाचवतो.

आता आपल्या उदाहरणातला खरा संशयित. एलजीए१७०० हे सॉकेट २०२१ मध्ये इंटेलच्या १२ व्या पिढीबरोबर आलं. आधीच्या एलजीए१२०० मध्ये कूलरची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती, इथे ती ७८ मिलिमीटरवर गेली. शिवाय सॉकेटमध्ये बसलेल्या प्रोसेसरची उंचीही थोडी कमी झाली. फरक मिलिमीटरच्या आतला, पण आत्ताच बघितलं की मिलिमीटरचा विसावा भागही किती महाग पडतो. काही मदरबोर्डांवर दोन्ही मापांची भोकं दिलेली होती. त्यामुळे जुना ब्रॅकेट बसतो, स्क्रू घट्ट लागतात, सगळं ठीक दिसतं, पण तळ प्रोसेसरवर पुरेसा दाबला जात नाही. म्हणूनच बऱ्याच कूलर कंपन्यांनी एलजीए१७०० साठी वेगळे माउंटिंग किट काढले.

आता उघडा, पण पुरावा जपून

मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा. प्रोसेसर एएमडीच्या एएम४ सॉकेटचा असेल तर आधी थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या आणि कूलर हलके हलके फिरवून सोडवा. नाहीतर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

कूलर निघाला की लगेच पुसू नका! आधी दोन्ही पृष्ठभागांचे फोटो काढा. पेस्टचा ठसा हाच तुमचा पुरावा आहे. पातळ आणि सगळीकडे पसरलेला ठसा, म्हणजे दाब ठीक. मध्ये जाड ढीग तसाच, म्हणजे तळ टेकलेलाच नाही. एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, म्हणजे कूलर तिरका बसलाय : एखादी पुश-पिन अडकली नसेल किंवा स्क्रू एकाच बाजूने आवळत नेले असतील. पेस्ट पुसली की हा पुरावा कायमचा गेला, आणि "काहीतरी केलं, सुटलं" एवढंच हातात उरतं.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू स्वच्छ करा, योग्य किट लावा, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट घाला आणि स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे करून आवळा. पंख्याची दिशाही तपासा. तो कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे हवा ढकलतोय ना?

इथे एक मोह होतो : किट, पेस्ट, पंखा, बायोस सगळं एकदम बदलायचं. मशीन उद्याच हवं असेल तर खुशाल बदला, पण मग कारण सापडलं असं म्हणू नका. कारण हवं असेल तर एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तीच ६५ वॉटची चाचणी. बसवणं प्रत्येक वेळी थोडं वेगळं होतं, म्हणून शक्य असेल तर कूलर दोन-तीनदा काढून लावा आणि आकड्यात किती चढउतार येतो ते बघा. दोन पेस्टमध्ये १ अंशाचा फरक आला आणि नुसतं पुन्हा बसवल्यावरही २ अंशांचा फरक येत असेल, तर पेस्टबद्दल तुम्ही काहीही सिद्ध केलेलं नाही.

वहीत काय लिहाल?

तारीख, खोलीचं तापमान, वॉट, प्रोसेसरचं तापमान, वेग, काय बदललं आणि बदलण्याआधी तुमचा अंदाज काय होता. अंदाज आधी लिहिणं फार महत्त्वाचं. नंतर लिहिला की तो नेहमी बरोबरच येतो!

आणि तुमच्या बेंचमार्कचं काय? ज्या काळात मशीन थ्रॉटल होत होतं, त्या काळातले वेळेचे सगळे आकडे बाजूला काढा. गणिताची उत्तरं थ्रॉटलिंगमुळे बदलत नाहीत, ती ठेवता येतात. लागलेला वेळ मात्र पुन्हा मोजावा लागेल. यापुढे प्रत्येक रनसोबत तापमान आणि वेगाची नोंद आपोआप फाइलमध्ये जाईल अशी चार ओळींची स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा. परीक्षकाने "हे आकडे कोणत्या परिस्थितीत घेतले?" असं विचारलं, की ती फाइल उघडून दाखवता आली पाहिजे.