जुनी सीडी साक्षीला

२००५ च्या सुमारास सदाशिव पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात विंडोज एक्सपी नव्याने टाकायचं काम माझ्याकडे आलं. मालकांनी अपग्रेडची सीडी हातात दिली आणि विचारलं, "आधी विंडोज ९८ टाकायचं, मग त्यावर हे, असंच ना?" हा समज तेव्हा सर्रास होता आणि त्यापायी लोकांची अख्खी दुपार जायची. म्हणून हे काम खरं कसं चालतं ते सावकाश सांगतो.

अपग्रेडच्या सीडीत काहीही कमी नसतं. पूर्ण किमतीच्या सीडीवर असते तीच सगळी विंडोज हिच्यावरही असते. ती स्वस्त मिळायची, कारण जुनी विंडोज तुम्ही आधीच विकत घेतलेली असायची. तेवढंच ती तपासून पाहते. ९८ पुन्हा टाकायची गरज नाही, पण ९८ची मूळ सीडी मात्र जवळ हवी.

सुरुवात करण्याआधी काय वाचवायचं ते ठरवा, कारण फॉरमॅट केलं की सी ड्राइव्ह कोरा होतो. माय डॉक्युमेंट्स सगळ्यांच्या लक्षात असतं, फॉन्ट विसरतात. छापखान्यातल्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं सगळी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट गेला की फाइल उघडते, पण पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. तेव्हा विंडोजमधला फॉन्ट्सचा फोल्डर आधी दुसरीकडे उतरवून घ्या. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हरही घ्या. तो नसेल तर बाकीचे ड्रायव्हर नेटवरून उतरवायची वाटच बंद.

आता बायॉसमध्ये सीडी ड्राइव्हला पहिला क्रमांक द्या आणि मशीन सुरू करा. कोणतीही कळ दाबा अशी ओळ काही क्षणच दिसते, तेवढ्यात दाबायची. निळा पडदा येतो. एंटर, मग करार मान्य करायला एफ-८. सेटअप डिस्कवर जुनी विंडोज शोधतो. सापडली तर पुढे जातो. डिस्क कोरी असेल, तर थांबतो आणि जुन्या विंडोजची सीडी मागतो.

छापखान्यातली डिस्क नवी होती, म्हणून आम्ही इथेच अडकलो. ९८ची सीडी माळ्यावरच्या खोक्यात सापडली, धुळीने माखलेली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, गोल फिरवून नाही. एक्सपीची सीडी काढून ती आत ठेवली, एंटर दाबलं. ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला आणि पडद्यावर एक्सपीची सीडी परत मागितली. संपली तपासणी! ९८ची एकही फाइल मशीनवर आली नाही. साक्ष झाली आणि साक्षीदार घरी गेला.

एक्सपी होमला ९८ किंवा मिलेनियमची साक्ष चालते. प्रोफेशनलला त्याशिवाय एनटी ४ आणि २००० चीही. ९५ची कुठेच चालत नाही. मशीनबरोबर कंपनीकडून आलेली रिकव्हरी सीडी बऱ्याचदा नाकारली जाते.

पुढे पार्टिशन. पहिल्या आवृत्तीच्या सीडीला १३७ जीबीपुढची डिस्क दिसत नाही, हे मोठ्या डिस्कवाल्यांनी ध्यानात ठेवावं. एनटीएफएस निवडा. डिस्क जुनी असेल तर क्विक फॉरमॅट नको. पूर्ण फॉरमॅटला वेळ लागतो, पण त्यात खराब सेक्टर कळतात. फाइली उतरल्या की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि तीच कळ दाबायची ओळ पुन्हा दिसते. आता मात्र हात लावायचा नाही. लावलात तर सेटअप पहिल्यापासून सुरू होतो. त्यानंतर ३९ मिनिटं शिल्लक असल्याचं दिसेल. त्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. मध्येच २५ अक्षरांची की मागितली जाते. अपग्रेडच्या सीडीला अपग्रेडचीच की चालते, दुसरी नाही.

नेटवर्कची केबल या सगळ्या वेळात काढून ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा पसरला. त्याला कुणी काही उघडायची गरज नव्हती, मशीन नेटला जोडलेलं असलं की पुरे. एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ ऑगस्ट २००४ मध्ये आला, तेव्हापासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तो पॅक आधी सीडीवरून टाका, मगच केबल लावा. ॲक्टिव्हेशनला ३० दिवस असतात, घाई नाही.

राहिलं मराठी. नव्या एक्सपीत युनिकोड मराठी मोडकं दिसतं. 'किल्ला' लिहिलं तर पहिली वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसते आणि 'ल्ल' फुटून मध्ये पाय मोडलेला दिसतो. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्सच्या खिडकीत लँग्वेजेस या टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा चौकोन आहे, त्यात खूण करा. एक्सपीची सीडी पुन्हा मागेल. रीस्टार्ट केलं की वेलांटी जागेवर येते.

शेवटी जुने फॉन्ट त्यांच्या फोल्डरमध्ये परत टाकले. मालकांनी एक लग्नपत्रिका उघडली आणि 'श्री गजानन प्रसन्न' पहिल्या ओळीत जसंच्या तसं होतं. ९८ची सीडी त्यांनी त्याच दिवशी एक्सपीच्या पाकिटात घातली.