चोवीस अंशांचे अर्थकारण

१ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकण्याचे बंधन केंद्र सरकारने घातले. काटा खाली उतरवण्याची मुभा मात्र ग्राहकाकडेच राहिली. अंशागणिक सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. रत्नागिरीत खरा जाच उष्म्याइतकाच दमटपणाचा. घाम वाळला की निम्मे काम होते, आणि ते छताचा पंखाही करतो. मग १८ अंशांचा हट्ट कशासाठी? महावितरणची घरगुती वीज १००, ३०० व ५०० युनिटांच्या पायऱ्यांनी महागते. म्हणजे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग पायरीवरचे असते. कौलारू घर पाडून सिमेंटची गच्ची घालणाऱ्या पगारदारास हा हिशेब टाळता येणार नाही.