काळी माती आणि पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी

बर्फाळ देशांत छोट्या मोटारगाडीची जी परीक्षा हिवाळ्यात होते, ती वाशिम जिल्ह्यात पावसाळ्यात होते. कारण येथे बर्फ पडत नसला, तरी मृगाच्या सरींनंतर शेतशिवारातील काळी माती चाकाखाली बर्फासारखीच निसरडी होते आणि काही बाबतींत बर्फाहूनही अवघड ठरते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेले असून, त्या खडकाची झीज होऊन बनलेल्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे, म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचले जाऊन तयार झालेल्या चिकणमातीचे, प्रमाण मोठे असते. पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरले की माती फुगते आणि पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरू लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात ज्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, तीच जमीन जुलैत चाकाला टेकायलाही आधार देत नाही.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांत इंजिन पुढे असे, पण त्याची शक्ती लांब दांड्याने मागच्या चाकांपर्यंत नेलेली असे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्ससह पुढच्या चाकांनाच जोडले होते, आणि आज आल्टोपासून स्विफ्टपर्यंतच्या बहुतेक छोट्या गाड्या याच रचनेच्या आहेत. या गाड्यांचे साधारण साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर असते, आणि ज्या चाकांवर वजन जास्त त्यांची जमिनीवरची पकड जास्त, म्हणून चिखलातून जागचे हलण्याच्या कामी त्या उजव्या ठरतात. मागच्या चाकांवर चालणारी ईको रिकामी असताना मागून हलकी पडते व चाक जागीच फिरते. तीच गाडी प्रवाशांनी भरली की बऱ्यापैकी ओढते.

येथेच चालकाचा गैरसमज होतो. गाडी सहज निघाली म्हणजे ती तितक्याच सहज वळेल आणि थांबेल असे त्याला वाटते. परंतु प्रत्येक टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो, आणि त्या जागेची पकड ओढणे, वळणे व थांबणे या तिन्ही कामांना मिळून पुरवायची असते. पुढच्या चाकांवर ही तिन्ही कामे एकदम येतात. निसरड्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला राहिला तर पकड ओढण्यातच संपते, स्टिअरिंग वळवूनही गाडी नाकासमोर सरळ जात राहते, आणि घाबरून ते आणखी वळवले तर उपयोग होत नाही. पाय हळूहळू सैल करून स्टिअरिंग किंचित सरळ केले, तरच चाके पुन्हा जमीन धरतात. चढावर वजन मागे सरकून पुढची चाके हलकी होतात, म्हणून पुढे तोंड करून न चढणारी गाडी कधी कधी रिव्हर्समध्ये चढून जाते.

गाडी फसते तेव्हा बहुधा एकच चाक गरगर फिरते आणि जोडीचे दुसरे स्वस्थ असते. वळणावर आतल्या व बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल नावाची यंत्रणा याला कारणीभूत असते, कारण साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो आणि तो पकड गमावलेल्या चाकाला पेलेल तेवढाच असतो. अशा वेळी इंजिन गर्जवत राहिल्यास चाक स्वतःचा खड्डा खोदते. त्यापेक्षा खाली उतरून चाकापुढचा चिखल उकरावा, तेथे तुराट्या किंवा पऱ्हाट्या आडव्या अंथराव्यात आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडत गाडी काढावी, हे शेतकऱ्यांचे शहाणपण यंत्रशास्त्राला धरूनच आहे.

बर्फासाठी थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे खास टायर मिळतात, आणि कॅनडातील क्यूबेक प्रांतात ते हिवाळ्यात कायद्यानेच सक्तीचे आहेत. काळ्या मातीवर छोट्या गाडीसाठी असा तोडगा नाही, कारण ती टायरच्या खाचांत चिकटून बसते, मग मडगार्डच्या आतली पोकळीही भरते आणि शेवटी चाक फिरणेच बंद होते. ट्रॅक्टरच्या मोठ्या तिरप्या दातांवरून चिखल झटकला जातो, म्हणून ट्रॅक्टर त्याच वाटेने निघून जातो.

मात्र खरा धोका शेतापेक्षा डांबरी रस्त्यावर अधिक असतो. पेरणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर पक्क्या रस्त्यावर आलेला गारा रिमझिम पावसात पातळ थर होऊन पसरतो, आणि साठ-सत्तरच्या वेगाने येणाऱ्या चालकाला तो ओल्या डांबरापेक्षा निराळा दिसत नाही. चाके जाम होऊ न देणारी एबीएस ही ब्रेकयंत्रणा अशा ठिकाणी स्टिअरिंग हातात ठेवते, पण नसलेली पकड निर्माण करत नाही. म्हणून शेताच्या फाट्याआधीच वेग उतरवणे आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर दुपटीहून अधिक ठेवणे भाग असते.

पांदण रस्त्यांची, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांची, गोष्ट वेगळी आहे. तेथे चालकाच्या कौशल्याला लवकरच मर्यादा पडते, आणि दोन्ही बाजूंना नाल्या काढून वर मुरूम व खडी दाबली, तरच पाणी निघून जाऊन चाकाला टणक तळ मिळतो. यासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ज्या पांदणीला असा मुरूम मिळतो, तेथून भर पावसातही आजारी माणसाला साध्या आल्टोतून दवाखान्यात नेता येते. जेथे तो मिळत नाही, तेथे ट्रॅक्टर बोलवावा लागतो.