पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक : बोअरची निवड

पनवेल तालुक्यात भाताच्या लोंब्यांत दाणा भरू लागला की माथेरान व प्रबळगडाच्या पायथ्याकडील शेतांत रानडुकरांचा उपद्रव वाढतो. कळप जितके भात खातो, त्याहून अधिक तुडवतो. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येतो आणि घ्यावयाची तर मोठ्यात मोठ्या बोअरची घ्यावी, असा सल्ला त्याला मिळतो. हा सल्ला खर्चाचा आहे व प्रसंगी धोक्याचाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. अशी बंदूक पुरेशी पडणार नाही, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर करता येते. परवान्यावाचून बंदूक विकत घेणे, गावठी बंदूक बनविणे किंवा नळीत फेरफार करणे हा गुन्हा होय.

बोअरचा आकडा उलट वाचावयाचा असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची नळी. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद. १२ बोअरच्या नळीचा व्यास ०.७२९ इंच असून गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम भरते. १६ बोअरचा व्यास ०.६६२ इंच व गोळी २८ ग्रॅम. २० बोअरचा व्यास ०.६१५ इंच व गोळी सुमारे २३ ग्रॅम. १२ व २० बोअरच्या व्यासात जेमतेम ३ मिलिमीटरचे अंतर आहे. वजनात मात्र १५ ग्रॅमचे. व्यास दुप्पट झाला की गोळीचे वजन आठपट होते, हे त्याचे कारण.

मग रानडुकरासाठी कोणती नळी पुरेशी? अमेरिकेत ठासणीच्या रायफलीने हरणाची शिकार करणारे बहुधा ०.५० इंच व्यासाची नळी वापरतात. तिची गोळी ११ ते १२ ग्रॅमची असते. २० बोअरची गोळी याच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. तथापि रायफलीच्या नळीत आटे असल्याने तिची गोळी फिरत सरळ जाते. गुळगुळीत नळीच्या गोळीचा नेम लांबवर टिकत नाही. म्हणून वजनाची उणीव नसून उणीव आहे ती नेमाची, आणि ती बोअर वाढवून भरून निघत नाही. चाळीस पावलांच्या आतील, दिसणाऱ्या जनावरासाठी २० किंवा १६ बोअर पुरेशी आहे. १२ बोअरला शिसे व दारू अधिक लागते आणि खांद्याला धक्काही मोठा बसतो. तिचा खरा लाभ छर्रे अधिक मावण्यात आहे. परंतु बारीक छर्ऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरते व माणसावर उलटते. केवळ आवाजाने कळप हुसकावण्यासाठी गोळीची गरजच नसते.

बोअरपेक्षा नळीचा भक्कमपणा महत्त्वाचा. नळी गंजलेली, चीर पडलेली वा फुगलेली असल्यास ती बंदूक घेऊ नये. ठासणीच्या बंदुकीत काळी दारूच वापरावी. काडतुसातील दारू घातल्यास नळी फुटते. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यासही नळी फुटण्याचा संभव असतो. गजावर रिकाम्या व भरलेल्या नळीची खूण करून ठेवावी, म्हणजे चुकून दोनदा ठासले जाणार नाही. काळ्या दारूच्या राखेने लोखंड लवकर गंजते. सबब वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ अन्वये अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते; तिच्यावाचून गोळी झाडू नये. कर्नाळा अभयारण्यात पूर्वपरवानगीवाचून शस्त्र नेणेही निषिद्ध आहे.

पनवेलची शेते आता वस्ती, रस्ते व कारखान्यांना भिडली आहेत. नेम चुकलेली गोळी शेताच्या बांधावर थांबत नाही. जनावरामागे डोंगर किंवा मातीचा उंच बांध नसेल, तर चाप ओढू नये.

ग्रामसेवकांनी अर्जदारास प्रथम कुंपण, सामुदायिक राखण व वनविभागाकडील नुकसानभरपाई यांची माहिती द्यावी. त्यानंतरही बंदुकीची गरज उरल्यास भक्कम नळीची, पेलवेल अशी बंदूक निवडण्यास त्याला साहाय्य करावे.