चिनी युद्धकलेचे चित्रपट : त्यांच्या मोहिनीचें मर्म

जी गोष्ट परक्या भाषेंत सांगितली असतांहि देशोदेशींच्या लोकांस आवडते, तिच्या मुळाशीं मनुष्यस्वभावांतील एखादें सर्वसामान्य तत्त्व असलेंच पाहिजे. चिनी युद्धकलेच्या चित्रपटांचें असेंच आहे. ज्यास चिनी भाषेचा एकहि शब्द कळत नाहीं, तो प्रेक्षकहि हे चित्रपट पाहतांना तहानभूक विसरतो. मधल्या सुटींत हवेंत लाथा झाडणारे विद्यार्थी कोणत्याहि शाळेच्या पटांगणांत दिसतात. आणि त्यांस पाहून, ‘ही कसली कला? ही तर नुसती मारामारी!’ असें म्हणून नाक मुरडणारी वडील मंडळीहि घरोघरीं असतात. गंमत अशी कीं, या दोन्ही पक्षांच्या दृष्टीस एकच वस्तु पडते, ती म्हणजे ठोसा. आमचें म्हणणें असें आहे कीं, ठोसा हा या चित्रपटांचा केवळ दर्शनी भाग होय. त्यांची खरी मोहिनी दुसऱ्याच कांहीं गोष्टींत आहे. तीच येथें यथामति उलगडून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. या चित्रपटांच्या जुन्या शाखेस चिनी भाषेंत ‘वू-श्या’ म्हणतात. ‘वू’ म्हणजे शस्त्रास्त्रांची विद्या आणि ‘श्या’ म्हणजे दुर्बलांच्या साह्यास धांवून जाणारा, दिलेला शब्द प्राणापलीकडे जपणारा वीर. इसवी सनापूर्वी सुमारें १०० वर्षें सीमा-च्येन या थोर चिनी इतिहासकारानें आपल्या ग्रंथांत अशा भटक्या वीरांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. हे वीर ज्या जगांत वावरतात त्यास ‘जिआंग-हू’ असें नांव आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘नद्या आणि सरोवरें’. राजदरबाराच्या आणि कायद्याच्या हद्दीपलीकडील मुलुख, असा त्याचा भावार्थ. दुसरा प्रसिद्ध शब्द ‘कुंग-फू’. हा मारामारीचा वाचक आहे असा सर्वत्र समज आहे. परंतु मूळ चिनी भाषेंत, दीर्घ काळ कष्ट करून अंगीं बाणविलेलें कौशल्य, असा त्याचा अर्थ होतो. स्वयंपाक्याचें कुंग-फू असूं शकतें, लेखकाचेंहि असूं शकतें. हा अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण आमच्या मतें या साऱ्या चित्रपटांची गुरुकिल्ली तीच आहे.

या चित्रपटांचा जन्म शांघाय शहरीं झाला. १९२८ सालीं तेथील मिंगशिंग कंपनीनें ‘रक्तकमल मंदिराचें दहन’ या अर्थाचा मूकपट काढला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, १९३१ पर्यंत त्याचे एकामागून एक अठरा भाग निघाले. आज त्यांपैकीं एकहि उपलब्ध नाहीं. तरुण मुलें घरदार सोडून सिद्ध गुरूंच्या शोधार्थ डोंगरांत पळून जातात, अशा वार्ता त्या काळीं पसरल्या होत्या. अखेर या प्रकारच्या चित्रपटांमुळें लोकांत भोळसट समजुती वाढतात असें ठरवून चिनी सरकारनें १९३१ सालीं त्यांवर बंदी घातली. म्हणजे वडील मंडळींची तक्रार आजची नाहीं. ती या कलेइतकीच जुनी आहे.

तथापि कला दडपली गेली नाहीं, ती दक्षिणेस हाँगकाँग येथें जाऊन रुजली. तेथें १९४९ सालीं वाँग फेइ-हुंग यांच्या चरित्रावरील चित्रपटमालेस आरंभ झाला. हे गृहस्थ कल्पित नव्हत. क्वांगतुंग प्रांतांत १८४७ सालीं त्यांचा जन्म झाला व १९२५ सालीं ते निवर्तले. ते नामांकित वैद्य आणि युद्धकलेचे आचार्य होते. क्वान ताक-हिंग या नटानें त्यांची भूमिका पुढें सत्तरांहून अधिक चित्रपटांत केली. या चित्रपटांतील वाँग गुरुजी हात उगारण्यापूर्वी उपदेश करितात, शिष्यांस संयम शिकवितात, आणि अगदींच निरुपाय झाला म्हणजे मगच लढतात. जो हात मोडूं शकतो तोच हात बसविणारा वैद्यहि आहे, ही कल्पना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आतां या चित्रपटांच्या बाह्य सौंदर्याकडे वळूं. त्याचें मूळ चिनी संगीत नाटकांत आहे. त्या रंगभूमीवर हातांत चाबूक घेतला कीं घोडा आला असें समजावयाचें आणि वल्हें घेतलें कीं नाव आली असें मानावयाचें. तेथें युद्धहि ढोल व झांजांच्या तालावर होतें : वेगवान हालचाल, मग क्षणभर मूर्तीसारखी स्तब्धता, आणि पुनः वेग. हीच लय चित्रपटांत उतरली. म्हणूनच त्यांतील द्वंद्वयुद्ध हाणामारीसारखें न दिसतां नृत्यासारखें दिसतें. प्रेक्षकाच्या डोळ्यांस विसावा मिळतो आणि प्रत्येक डाव त्यास स्पष्ट कळतो.

या परंपरेचा सर्वांत रसिक दिग्दर्शक म्हणजे किंग हू. त्याच्या १९६६ सालच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ या चित्रपटाची नायिका एक स्त्री आहे. चेंग पेइ-पेइ या नृत्य शिकलेल्या तरुण नटीनें ती भूमिका केली. एका खानावळींत गुंड तिला नाना प्रकारें डिवचतात. ती प्रथम शांत बसून राहते. प्रेक्षक मात्र श्वास रोखून धरतो, कारण त्या शांतपणांतच तिचें सामर्थ्य दिसत असतें. याच दिग्दर्शकाचा ‘अ टच ऑफ झेन’ हा १९७१ सालचा चित्रपट तीन तासांचा असून त्याच्या पहिल्या तासांत युद्ध जवळजवळ नाहींच. पुढें वेळूच्या वनांत जें युद्ध होतें, त्यांत त्यानें अतिशय तोकडीं दृश्यें एकमेकांस जोडलीं आहेत. वीर उडतो, वळतो, झेपावतो. आणि आपला डोळा त्यास नीट पकडण्यापूर्वींच तो दिसेनासा होतो. त्याचें कौशल्य आपल्या दृष्टीहून वेगवान आहे, असा भास त्यामुळें उत्पन्न होतो. १९७५ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत या चित्रपटाच्या तांत्रिक कौशल्याचा पारितोषिक देऊन गौरव करण्यांत आला.

चांग चेह या दिग्दर्शकाचा मार्ग याहून रांगडा होता. १९६७ सालच्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ या त्याच्या चित्रपटांत नायकाचा उजवा हात तुटतो. पुढें अर्धवट जळालेलें पुस्तक आणि पित्याची मोडकी तलवार एवढ्या सामग्रीवर तो डाव्या हातानें नव्यानें विद्या संपादन करितो. ही कथा लोकांस इतकी कां रुचली याचें उत्तर तिच्यांतच आहे. विपन्नावस्थेंत अभ्यास सोडूं नये, हें सांगण्यास याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

परंतु विद्यार्थ्यांनीं एकच चित्रपट पाहावयाचा ठरविल्यास आम्ही ‘शाओलिनचें छत्तिसावें दालन’ याचेंच नांव घेऊं. १९७८ सालीं तो लाउ कार-लेउंग यानें काढला. हा दिग्दर्शक स्वतः युद्धकलेंत मुरलेला होता; त्याच्या पित्याचे गुरु हे वर सांगितलेल्या वाँग फेइ-हुंग यांचे शिष्य. चित्रपटाची कथा साधी आहे. मांचू अधिकाऱ्यांच्या जुलुमास त्रासलेला एक विद्यार्थी शाओलिन मठांत येतो. तेथें शिक्षणाचीं पस्तीस दालनें आहेत. हा उतावळा तरुण एकदम सर्वांत वरच्या दालनांत जातो आणि तेथून परत पाठविला जातो. मग तो अगदीं तळापासून आरंभ करितो. जेवणघरापुढें पाण्यांत ओंडके तरंगत आहेत; त्यांवरून तोल सांवरून पलीकडे जाईल त्यासच वेळेवर अन्न. पुढें दोन्ही हात आडवे धरून पाण्याच्या बादल्या वाहावयाच्या. दंडांस पातीं बांधलेलीं, हात खालीं आला कीं बरगडीस टोंचलेंच. मग जड टोकाच्या लांब काठीनें घंटा वाजवावयाची आणि टांगलेल्या वाळूच्या पोत्यांवर डोकें आपटीत जावयाचें. चित्रपटाचा फार मोठा भाग या शिक्षणांतच खर्ची पडतो, आणि चमत्कार असा कीं, तोच भाग सर्वांत चित्ताकर्षक आहे! बादली उचलणारा हा मुलगा आपणच आहों असें प्रत्येक विद्यार्थ्यास वाटूं लागतें. शेवटीं सर्व दालनें उत्तीर्ण झाल्यावर तो स्वतःसाठीं मोठें पद मागत नाहीं. मठाबाहेरील सामान्य लोकांस ही विद्या शिकविण्याकरितां छत्तिसावें दालन उघडूं द्यावें, एवढेंच तो मागतो.

अभ्यासाची ही थोरवी आपल्या आखाड्यांसहि अपरिचित नाहीं. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं चिनी पथकानें आपल्या युद्धकलेचे प्रयोग केले, आणि त्याच प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेंहि तेथें आपले देशी खेळ करून दाखविले.

ज्याच्या नांवानें हे चित्रपट जगभर गाजले तो ब्रूस ली अवघीं बत्तीस वर्षें जगला. अमेरिकेंत १९४० सालीं जन्मलेला आणि हाँगकाँगमध्यें वाढलेला हा नट १९७३ च्या जुलै महिन्यांत वारला. त्याच्या १९७२ सालच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ या चित्रपटांत शांघायमधील एका उद्यानाच्या दारावर, चिनी माणसांस आणि कुत्र्यांस मज्जाव करणारी पाटी दाखविली आहे. नायक ती लाथेनें फोडतो. ज्या ज्या देशांनीं परकी सत्तेचा अपमान सोसला आहे, तेथील प्रेक्षकांस ही लाथ समजावून सांगावी लागत नाहीं.

त्याच्यानंतर आलेल्या जॅकी चान यानें उलट वाट धरली. बालपणीं सुमारें दहा वर्षें त्यानें नाट्यशाळेंत कडक शिक्षण घेतलें होतें. १९७८ सालच्या ‘ड्रंकन मास्टर’ मध्यें त्यानेंहि वाँग फेइ-हुंग हेच पात्र रंगविलें, पण तें गंभीर आचार्याचें नव्हे, तर खोडकर व आळशी पोराचें! हा नायक मार खातो, विव्हळतो, पळतो. आणि हंसतां हंसतां आपणांस कळतें कीं, थोर गुरूहि एके काळीं कच्चे विद्यार्थीच होते. १९८३ सालच्या ‘प्रोजेक्ट ए’ मध्यें घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतें फाडीत तो खरोखरच खालीं पडला. चित्रपट संपल्यावर चित्रीकरणांत फसलेल्या उड्या आणि झालेल्या दुखापती दाखविण्याचा त्याचा प्रघात आहे. त्यामुळें पडद्यावरील सहजतेची किंमत प्रेक्षकास कळून येते.

हेच वाँग गुरुजी १९९१ सालीं त्सुइ हार्क या दिग्दर्शकाच्या ‘वन्स अपॉन ए टाइम इन चायना’ या चित्रपटांत तिसऱ्या रूपानें अवतरले. भूमिका जेट ली याची. त्यांतील एक वृद्ध योद्धा अंगावर शस्त्र न चालण्याची विद्या जाणतो, तरी बंदुकीच्या गोळ्यांनीं तो कोसळतो. आणि मुष्टिविद्या बंदुकीपुढें टिकत नाहीं, हें कटु सत्य मरतांना सांगतो. ज्या कलेनें स्वतःच्या मर्यादेचें दर्शन इतक्या प्रांजळपणें घडविलें, तीस केवळ बढाईखोर कसें म्हणावें?

अलीकडील चित्रपटांत ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हा अग्रगण्य होय. आंग ली याच्या या २००० सालच्या कृतीस अमेरिकेंतील चार ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. यांतील वीर छपरांवरून आणि वेळूच्या शेंड्यांवरून तरंगत जातात. तें तारांच्या साह्यानें साधिलें आहे हें सर्वांस ठाऊक असतें. तरीहि मन रमतें, कारण अंतःकरणांतील तळमळच तेथें शरीर धारण करिते. याच चित्रपटांत चेंग पेइ-पेइ हिनें, पूर्वीच्या नायिकेनें, उतारवयांत खलनायिकेची भूमिका केली आहे. ती चोरलेल्या ग्रंथांतील आकृति पाहून विद्या शिकते, परंतु तिला अक्षरें वाचतां येत नाहींत. तिची तरुण शिष्या अक्षरें वाचते, गुरूच्या पुढें जाते, आणि ही गोष्ट लपवून ठेविते. गुरुशिष्यांमधील हा विश्वासघात तलवारीच्या कोणत्याहि घावाहून खोल जातो. २००२ सालच्या ‘हीरो’ मध्यें झांग यी-मोउ यानें एकच कथा निरनिराळ्या रंगांत पुनःपुनः सांगून, ज्याच्या हातीं शस्त्र आहे त्यानें तें कधीं खालीं ठेवावें, हा गहन प्रश्न मांडिला आहे.

या चित्रपटांत दोष नाहींत असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. कित्येकांत रक्तपात अमर्याद आहे, कथानकें उसनीं आहेत, आणि सूड हाच धर्म मानिला आहे. पण उत्तम चित्रपट सूडाची किंमतहि सांगतात. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ चा नायक गुरूच्या वधाचा सूड उगवितो खरा. पण अखेरीस आपली शाळा वांचविण्याकरितां तो स्वतःस पोलिसांच्या स्वाधीन करितो, आणि रोखलेल्या बंदुकांवर झेप घेतो त्या क्षणींच चित्र थिजतें. तेथें टाळ्या वाजविणाऱ्याचे हात क्षणभर थबकल्यावांचून राहत नाहींत.

सारांश, ज्यास लाथ दिसली त्यास या चित्रपटांचें टरफल मिळालें, आणि ज्यास पाण्याच्या बादल्या दिसल्या त्यास गर मिळाला. मैदानांत लाथ झाडण्यास एक पळ पुरतो. तिच्यामागील तोल, श्वास आणि संयम अंगीं येण्यास वर्षें लागतात. विद्यार्थिमित्रांनीं हे चित्रपट अवश्य पाहावेत. वडील मंडळींनींहि एखादा त्यांच्याशेजारीं बसून पाहावा. कुंग-फू म्हणजे कष्टानें मिळविलेलें कौशल्य, हा अर्थ मनांत ठेवून जो तें पाहील, त्यास दुसऱ्या दिवशीं सकाळीं अवघड गणिताची वही उघडतांना, आपणहि कोणत्या तरी दालनाच्या दाराशीं उभे आहों, असें खचित वाटेल.